सटक्लिफबाईंच्या दुकानावरचा तांबडा ठिपका

विषय: अल्मा स्ट्रीटच्या कोपऱ्यावरील दुधाच्या दुकानाच्या जागी आढळलेल्या तांबड्या ठिपक्याबाबत.

संदर्भ: १) मिसेस एडना हॉल्रॉइड यांचा अर्ज, दिनांक ६ मार्च २००७. २) श्री. पद्माकर पुरुषोत्तम सोमण, निवृत्त कारकून, यांचं निवेदन, दिनांक २ जुलै २००७.

वरील विषयास अनुसरून सादर करण्यात येतं की, मी एक नकाशा आहे. साडेपाच फूट रुंद, चार फूट उंच, पाठीला मांजरपाट चिकटवलेलं. इंग्लंडमध्ये, यॉर्कशरमधल्या एका शहराचा. लीड्सहून गाडीने पाऊण तास, याहून जास्त सांगत नाही, कारण प्रकरण निर्णयाधीन आहे, आणि निर्णयाधीन प्रकरणात तोंड उघडू नये हे मी आयुष्यभर कारकुनांच्या खोलीत राहून शिकलो. आज उघडतोय, कारण ज्या गोष्टीची चौकशी चालली आहे ती माझ्याइतकी पक्की कुणालाच ठाऊक नाही, आणि मला विचारावं असं अजून कुणाला सुचलेलं नाही.

मी छापला गेलो तो घर न् घर दिसेल एवढ्या मोठ्या मापाचा. त्यामुळे सगळं शहर एका कागदावर मावेना. माझ्या वाट्याला पूर्वेची बाजू आली: गिरण्या, रेल्वे, आणि एकमेकांना पाठी टेकून उभ्या घरांच्या रांगा. पश्चिमेचा नकाशा माझा सख्खा भाऊ. त्याच्यावर बागा जास्त आणि ठिपके कमी. तो शेवटपर्यंत स्वच्छ राहिला आणि त्याचं कौतुकही फार झालं. अशी भावंडं बहुतेक घरांत असतात.

मला भिंतीवर चढवलं ते शहराच्या आरोग्य खात्यात, १९३२ साली. माझे पहिले धनी मिस्टर फर्थ. हुद्दा कारकून, बोटांना कायम शाई, आणि शिस्त अशी की शिंक आली तरी आधी दौतीला टोपण लावायचे.

त्या काळी शहरातल्या कुठल्याही डॉक्टरला संसर्गाचा रोगी सापडला की त्याच दिवशी खात्याला कळवावं लागे. सकाळच्या टपालाने ते कागद येत. फर्थ सुरीने पाकिटं फोडत, नोंदवहीत नाव-पत्ता चढवत, आणि मग बारीक टाक घेऊन माझ्यासमोर उभे राहत. स्कार्लेट फीवर, म्हणजे अंगभर तांबडं पुरळ उठवणारा मुलांचा ताप, असेल तर तांबडा ठिपका. घटसर्प असेल तर निळा. मूल दगावलं तर ठिपक्याभोवती काळं कडं. आणि आसपासच्या ज्या घरांत जाऊन सगळ्यांचे घसे तपासले आणि काही निघालं नाही, त्या घरांवर पेन्सिलीची बारीकशी बरोबरची खूण.

एकदा एका नव्या टंकलेखिकेने विचारलं की आजाऱ्यांना शाई आणि निरोग्यांना पेन्सिल, असं का? फर्थ म्हणाले होते, "आजार पक्का असतो. तब्येतीचं उद्या काही सांगता येत नाही." खात्यातला हा सगळ्यात शहाणा माणूस. त्याच्या या शहाणपणानेच पुढे सगळा घोळ झाला.

ठिपका पडला की तासाभरात सायकलवरून निरीक्षक निघे. मूल कुठल्या शाळेत जातं, दूध कुणाचं, कपडे कुठे धुवायला जातात, ग्रंथालयाचं पुस्तक घरात आहे का, हे सगळं तो विचारून येई. मुलाला तापाच्या इस्पितळात सहा आठवडे ठेवत. आईबापांनी काचेबाहेरून बघायचं. त्यांना एक क्रमांक मिळे, आणि रोज संध्याकाळी शहराच्या वर्तमानपत्रात ते क्रमांक छापून येत: हे अत्यवस्थ, हे गंभीर, हे सुधारताहेत. गल्लीगल्लीत दाराच्या पायरीवर उभ्या राहून बायका आधी पहिली ओळ वाचत. आपला क्रमांक तिथे नाही असं दिसलं की मग खाली बसत.

ती यादी दुपारी फर्थच पाठवायचे. तरी संध्याकाळी स्वतः पैसे टाकून पेपर विकत घ्यायचे आणि एकेक क्रमांक बोटाने वाचायचे. छापण्यात चूक झाली नाही ना ते बघतो, असं म्हणत. सुधारणाऱ्यांच्या ओळीपाशी ते जरा जास्त वेळ थांबत, तेही बहुधा चूक शोधायलाच.

आता ऑक्टोबर १९३७. अल्मा स्ट्रीटच्या कोपऱ्यावर ॲनी सटक्लिफ नावाच्या विधवाबाईंचं दुधाचं दुकान होतं. शेतावरून कॅन येई, आणि बाई पळीने मोजून लोकांच्या भांड्यांत दूध घालत. घरात माणसं दोनच: त्या आणि सात वर्षांची मुलगी एडना. त्या दुकानाभोवती अकरा दिवसांत माझ्या अंगावर एकोणीस तांबडे ठिपके पडले. दोघांभोवती काळं कडं.

आरोग्य अधिकारी माझ्यापुढे पाइप ओढत पंधरा मिनिटं उभे राहिले. मग त्यांनी निरीक्षकाला थेट दुकानात पाठवलं. त्याने एडनाला दाराशी उजेडात उभं केलं, चमच्याच्या दांड्याने घसा बघितला, या तापात सुटते तशी तळहाताची कातडी सुटते आहे का ते बघितलं. मग आईचं बघितलं. दोघी ठणठणीत. संध्याकाळी फर्थनी दुकानाच्या चौकोनात पेन्सिलीने बरोबरची खूण केली. ती खूण मला आजही जाणवते. फर्थची पेन्सिल नेहमी टोकदार असे.

निरीक्षक तिथून सहा मैलांवरच्या शेतावर गेला. धारा काढणाऱ्यांपैकी एकाने गळ्याला फडकं गुंडाळलं होतं. रोग त्याच्या घशातून दुधात आणि दुधातून अल्मा स्ट्रीटला आला होता. त्याच संध्याकाळी त्या शेताचं दूध बंद झालं आणि पुढल्या नऊ दिवसांत ठिपकेही थांबले. हे सगळं नोंदवहीत लिहिलं गेलं, नोंदवही कपाटात गेली. खात्याचा बाणा असा की रोग थांबला म्हणजे बोलण्यासारखं काही उरलं नाही.

गल्लीचा बाणा वेगळा होता. शेत गल्लीने पाहिलेलं नव्हतं. निरीक्षकाला दुकानात शिरताना मात्र अख्ख्या गल्लीने पाहिलं होतं. लोक म्हणू लागले की पोर आधी तिचीच आजारी होती. धंदा बुडेल म्हणून बाईने लपवलं आणि त्याच हाताने दूध वाढलं. नाताळच्या आत दुकान बंद पडलं. पुढची तीस वर्षं सटक्लिफबाईंनी दुसऱ्यांच्या फरशा पुसल्या. हा भाग मला त्या वेळी माहीत नव्हता. माझ्यावर घरं दिसतात, घरांतलं बोलणं दिसत नाही.

मग युद्ध आलं आणि भिंतीवरची माझी जागा बाँबच्या नकाशाने घेतली. युद्ध संपलं तोवर लसी आल्या, पेनिसिलीन आलं. ठिपके वर्षाला दहा, मग चार, मग नाहीतच. फर्थ निवृत्त झाले. मला गुंडाळून कपाटावर टाकलं. माझं काम संपलं ही शहराच्या दृष्टीने आनंदाची बातमी होती. आनंदाच्या बातमीने बेकार झालेला मी एकटाच नसेन.

१९७४ साली खात्यांची फेररचना झाली. फेररचना म्हणजे काय, तर माणसं तीच राहतात आणि कागद फेकले जातात. मला कचऱ्याच्या लोखंडी पेटीत टाकलं. तिथून मला उचललं ते पद्माकर सोमणांनी.

सोमण मूळचे पुणे महानगरपालिकेत जन्म-मृत्यूच्या नोंदी लिहिणारे. पत्नी डॉक्टर सुमेधाबाईंना इथल्या इस्पितळात नोकरी लागली म्हणून १९६९ साली आले. इस्पितळ तेच, एकेकाळचं तापाचं. आता तिथे दम्याचे म्हातारे असत. इथल्या मराठी मंडळात त्यांची ओळख अनेक वर्षं 'डॉक्टरीणबाईंचे यजमान' अशीच होती आणि त्यांनी ती कधी नाकारली नाही. कौन्सिलच्या आरोग्य खात्यात ते कारकून झाले, फर्थच्याच टेबलावर. सरकारी वस्तू घरी नेणं हा गुन्हा आहे हे त्यांना ठाऊक होतं. म्हणून बसमध्ये चढल्यावर त्यांनी कंडक्टरला विचारलं की एवढ्या लांब गुंडाळीचं वेगळं तिकीट घ्यावं लागेल का. चोरी करताना भाडं विचारणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहिला.

त्यांच्या घरी मागच्या लहान खोलीत मी भिंतीवर लागलो आणि तीस वर्षं राहिलो. सोमण जेवण झालं की येऊन माझ्यासमोर उभे राहायचे, फर्थचे ठिपके वाचायचे. "काय सुबक काम आहे," असं स्वतःशी म्हणायचे. एका कारकुनाने दुसऱ्याचं केलेलं कौतुक ही दुर्मीळ गोष्ट आहे, आणि माझ्यावर ती तीस वर्षं रोज झाली.

वर्षातून एकदा, दसऱ्याला, ते आपली हत्यारं पुजायचे. टाइपरायटर, पार्करचं पेन, शब्दकोश, आणि मी. इथे झेंडू मिळत नाही म्हणून शेवंती. अनामिकेचं बोट ओलं करून आधी हळद, मग कुंकू. माझ्या उजव्या कोपऱ्यात, जिथे छापलेलं काही नाही, तिथे एकावर एक ठिपका लागायचा आणि दुसऱ्या दिवशी ते तो कोरड्या कुंचल्याने झटकून टाकायचे.

सुमेधाबाई दारातून बघत असायच्या. "अहो, घटसर्पाच्या नकाशाला कुंकू लावणारे तुम्ही जगात एकटेच असाल."

"आपल्याकडे लोक रोगालाच देवी म्हणायचे," सोमण म्हणायचे. "मी तर नुसत्या नकाशाला लावतोय."

"म्हणायचे. आणि आम्ही डॉक्टर टोचत होतो म्हणून ती गेली."

हा संवाद दरवर्षी होई. त्यात दोघांनाही काही नवीन सांगायचं नसे, आणि दोघंही तो चुकवत नसत.

२००३ सालचा दसरा रविवारी आला. सोमणांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता आणि शस्त्रक्रियेची तारीख नोव्हेंबरातली होती. खोलीच्या भिंतीला नवा कागद लावायचा म्हणून मला काढून पलंगावर पसरलं होतं. सोमणांनी चाचपत कोपरा शोधला. त्यांना वाटलं कोपरा सापडला. माझ्या मते ते वीतभर आत होते. ओल्या बोटाने हळद टेकली, त्यावर कुंकू टेकलं, हात जोडले. दुसऱ्या दिवशी झटकायचं राहिलं, कारण भिंतवाला आला आणि मला घाईने गुंडाळलं गेलं. ते बोट नेमकं अल्मा स्ट्रीटच्या कोपऱ्यावर, दुधाच्या दुकानावर टेकलं होतं. फर्थची पेन्सिलीची खूण त्याच्याखाली गेली.

दीड वर्षाने सोमण दांपत्य लहान फ्लॅटमध्ये राहायला गेलं. सुमेधाबाई म्हणाल्या, याला आता ज्याच्या त्याच्या जागी पोचवा. सोमण निवृत्तीनंतर शहराच्या दफ्तरखान्यात आठवड्यातून तीन दिवस बिनपगारी मदतीला जात. त्यांनी मला तिथे नेलं, तळघरातल्या कपाटामागे उभं केलं, आणि आठ दिवसांनी शोधून काढलं. 'कपाटामागे आढळला', असं टिपण लिहून खाली सही केली. त्यांच्या हातून लिहिलं गेलेलं हे एकमेव खोटं टिपण. तेही निवृत्तीनंतरचं.

दफ्तरखान्यात माझी चांगली बडदास्त ठेवली गेली. २००७च्या सुरुवातीला युद्धाआधीच्या आरोग्य खात्यावर एक छोटं प्रदर्शन भरलं. पेपरात बातमी आली. ती वाचून मिसेस एडना हॉल्रॉइड यांनी अर्ज केला. माहेरच्या सटक्लिफ, वय सत्याहत्तर. अर्ज एका वाक्याचा होता: ऑक्टोबर १९३७मध्ये आमच्या घरात स्कार्लेट फीवर होता की नव्हता, हे मला कळावं.

दफ्तरखान्याने कळवलं की नोंदवहीत रोग्यांची नावं असल्याने ती शंभर वर्षं बंद आहे आणि १ जानेवारी २०३८ रोजी उघडेल. तेव्हा बाईंचं वय एकशे सात असेल. स्वतःची नोंद मात्र आधी बघता येईल, त्यासाठी आपली नोंद तिच्यात असल्याचं दाखवावं लागेल. नोंद आहे की नाही हे नोंदवही उघडल्याशिवाय कळणार नाही, आणि ती उघडण्यासाठी नोंद असायला हवी. मी पुष्कळ खाती पाहिली आहेत. एवढा गोल नियम क्वचित पाहिला. तोवर नकाशाची छायाप्रत मिळू शकेल, असंही कळवलं.

प्रत पाठवण्याआधी माझी तपासणी झाली. जुन्या कागदांची निगा राखणारी जिलियन नावाची बाई तिथे आहे. अतिशय प्रामाणिक. भिंगातून दोन दिवस बघून तिने शेरा लिहिला: 'कोपऱ्यावरील दुकानाच्या जागी मोठा तांबडा ठिपका. इतरांपेक्षा ठळक. भोवती पिवळसर वलय. बहुधा साथीचा मुख्य उगम.'

प्रत आणि शेरा एकाच पाकिटातून एडनाबाईंच्या घरी गेले.

जूनमध्ये त्या वाचनकक्षात आल्या. नीटनेटका कोट, हातात तेच पाकीट. मूळ नकाशा बघायचा आहे म्हणाल्या. मला आणून टेबलावर उलगडलं ते सोमणांनीच. एडनाबाईंनी बोट दुकानावर धरलं, कागदाला न लावता, जरा वर.

"मला घसा दुखल्याचं आठवतं," त्या म्हणाल्या. कुणाला उद्देशून असं नाही, पण समोर सोमण होते. "त्याच आठवड्यात की दुसऱ्या कुठल्या, ते नाही आठवत. आई म्हणायची, तुला काही झालं नव्हतं. मरेपर्यंत म्हणायची. ती तेच तेच का सांगायची, ते आता कळलं. थँक यू, लव्ह."

यॉर्कशरमध्ये दुकानदारापासून बसवाल्यापर्यंत सगळेच एकमेकांना 'लव्ह' म्हणतात. सोमण या शब्दाने अडतीस वर्षं संकोचत आले होते. त्या दिवशी संकोचले नाहीत, कारण त्यांनी तो ऐकलाच नाही. त्यांची नजर ठिपक्यावर होती. मोतीबिंदू निघून गेले होते. हळद कुठली आणि कुंकू कुठलं, हे ओळखायला त्यांना भिंग लागणार नव्हतं.

 त्यांनी मला गुंडाळून परत जागेवर नेऊन ठेवलं.

पुढचं मला सुमेधाबाईंच्या बोलण्यातून कळलं. त्यांनी ते नंतर याच टेबलाशी जिलियनला सविस्तर ऐकवलं. सोमण दोन दिवस जेवणावरून तसेच उठले. तिसऱ्या दिवशी बाईंनी त्यांच्याकडून सगळं काढून घेतलं. ऐकून त्या म्हणाल्या, "म्हणजे त्या बिचारीला तुम्ही घरबसल्या स्कार्लेट फीवर लावून आलात. अहो, तीस वर्षांच्या प्रॅक्टिसमध्ये माझ्याकडूनसुद्धा एवढं चुकीचं निदान झालं नाही."

सोमण म्हणाले, खरं सांगायचं तर सगळंच सांगावं लागेल. नकाशा घरी नेला ते, कपाटामागचं टिपण खोटं आहे ते. "मला हाकलतील."

"हाकलू देत. पगार कुठे देतात?"

सोमणांनी निवेदन लिहिलं. परिच्छेदांना क्रमांक, तीन प्रती: एक दफ्तरखान्याच्या प्रमुखांना, एक एडनाबाईंना, एक स्वतःच्या फायलीला. त्यात १९७४च्या बसच्या तिकिटाचाही उल्लेख होता. हाकललं नाही, पण मदतनिसाचा बिल्ला काढून घेतला. आता त्यांनी वाचक म्हणून यायचं, टेबलाच्या पलीकडच्या खुर्चीत बसायचं, आणि चारचौघांसारखी पाहणीसाठी अर्ध्या तासाची वेळ घ्यायची.

एडनाबाईंनी निवेदन वाचलं आणि कळवलं की मला यातलं निम्मं समजलं नाही, तेव्हा समोरासमोर सांगा. म्हणून जुलैत सगळे माझ्याभोवती जमले: एडनाबाई, सोमण, सुमेधाबाई, आणि नजर ठेवायला जिलियन. सुमेधाबाईंनी पर्समधून काचेच्या झाकणाची कुंकवाची डबी काढली. जिलियनने सांगितलं की ती उघडायची नाही. डबी बंदच माझ्याशेजारी ठेवली. रंग तोच.

"म्हणजे ही शाई नव्हे," एडनाबाई म्हणाल्या.

"नाही."

"मग आहे काय?"

सोमणांनी सुरुवात केली. दसरा, नवरात्र, शस्त्रपूजन, अशी त्यांची गाडी लांबच्या वाटेने निघाली. सुमेधाबाईंनी ती अडवली.

"आमच्याकडे ज्या वस्तूने आपलं पोट भरलं, तिला वर्षातून एकदा हे लावतात. यांनी टाइपरायटरला लावलं, पेनाला लावलं, आणि डोळ्यांना दिसत नव्हतं म्हणून तुमच्या आईच्या दुकानाला लावलं."

एडनाबाई ठिपक्यावर वाकल्या. "चांगलं असतं का ते?"

"फार चांगलं," सोमण म्हणाले.

"मग त्या दुकानाला सदतीस सालानंतर कुणी चांगलं काही लावलं असेल तर ते तुम्हीच, लव्ह."

सोमणांनी चष्मा काढून पुसला. जिलियनने तेवढ्यात दिवा आडवा धरून भिंगातून बघितलं आणि म्हणाली की हळदीच्या कडेला, खालून, पेन्सिलीची एक बारीक रेघ बाहेर आलेली दिसते. बरोबरच्या खुणेचं टोक असू शकेल. छपाईची रेघही असू शकेल. तांबडं पुसल्याशिवाय सांगता येणार नाही, आणि पुसताना पेन्सिलही पुसली जाऊ शकते. शिवाय तांबडं म्हणजे खरंच काय आहे, हे आधी प्रयोगशाळेने सांगायला हवं.

"त्याला प्रयोगशाळा कशाला?" सुमेधाबाई म्हणाल्या. "त्या पिवळ्या कडेला साबणाच्या पाण्याचा एक थेंब लावा. तांबडी झाली तर हळद. आमच्याकडे कुठल्याही बाईला माहीत असतं, साडीवर वरण सांडलं की कळतंच."

जिलियनने ते लिहून घेतलं आणि थेंब लावू दिला नाही.

सोमण एडनाबाईंना म्हणाले की तिथे बरोबरची खूण होती, हे मी पैजेवर सांगतो. मी तो नकाशा तीस वर्षं वाचलाय. दुकानावर शाई नव्हती. तुमच्या घरात ताप नव्हता.

"तुमचा शब्द मला पुरतो," एडनाबाई म्हणाल्या. "पण कागदावर असल्याशिवाय आई कशावर विश्वास ठेवत नसे. तिच्यासाठी मला कागद हवाय. शिक्का मारलेला."

हे ऐकून सोमणांचा चेहरा जून महिन्यानंतर पहिल्यांदाच उजळला. कागद, तोही शिक्क्याचा, ही मागणी त्यांना आतून कळणारी होती. तिथेच बसून दोघांनी अर्ज लिहिला: ठिपका तपासून पुसावा आणि खाली जे निघेल त्याचा दाखला द्यावा. वाचनकक्षात शाईला बंदी आहे, म्हणून पेन्सिलीने.

२००८चा दसरा गुरुवारी होता. सोमण आणि एडनाबाई दोघंही वेळ घेऊन आले. आता ते बहुधा एकत्रच येतात. एडनाबाई बसस्टॉपवर त्यांची वाट बघतात. मला टेबलावर पसरलं. कुंकू नाही, हळद नाही, शेवंतीसुद्धा नाही. सोमण पंधराएक मिनिटं नुसते बसले होते. टेबलाखाली त्यांचे हात जोडलेले होते. एडनाबाईंनी ते वाकून बघितलं.

"काय करताय?"

"आभार मानतोय."

"माझेही सांगा," असं म्हणून त्या पुन्हा अल्मा स्ट्रीट बघू लागल्या.

आता माझं म्हणणं. माझ्या अंगावर ठिपके तीन हजारांच्या वर आहेत. प्रत्येक ठिपका म्हणजे एक आजारी पोर, आणि वर्तमानपत्राची पहिली ओळ वाचणारी त्याची आई. त्या सगळ्यांत, कुणीही आजारी नसताना, केवळ मायेने लावलेला आणि अंगावर राहिलेला ठिपका एकच. तो जावा असं मला वाटत नाही. तरी सादर विनंती की तो पुसण्यात यावा. खाली फर्थची पेन्सिल आहे. मुलगी निरोगी होती. आईने काही लपवलं नव्हतं. मला सही करता येत असती तर हे मी पहिल्याच दिवशी लेखी दिलं असतं.

सद्यःस्थिती पुढीलप्रमाणे. प्रयोगशाळेला नमुना पाठवण्यास जतन समितीची मंजुरी लागते. समिती वर्षातून चार वेळा बसते. यंदा मार्चच्या बैठकीत विषय वेळेअभावी पुढे ढकलला. जूनच्या बैठकीला पुरेसे सभासद नव्हते. सप्टेंबरात समितीने सदर पदार्थ धार्मिक स्वरूपाचा असल्यास तो पुसण्यास संबंधित समाजाची हरकत आहे काय, अशी विचारणा केली. 'हरकत नाही' असं पत्र सुमेधा सोमण यांनी समाजाच्या वतीने त्याच दिवशी दिलं. पुढील बैठक डिसेंबरात आहे.

मिसेस हॉल्रॉइड यांचं वय आज अठ्ठ्याहत्तर. अर्ज विचाराधीन आहे.